हशा

बारा वर्षं मी ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिते.
लोक कोंकणीत बोलतात, मी मराठीत उतरवते.
मधल्या वाटेवर काय काय सांडतं
ते मला ठाऊक, आणि निळ्या शाईला.

रोहिदासबाब टेबलावर मूठ आपटतात,
मी लिहिते: आग्रहाने प्रतिपादन केले.
एर्मेलिंदा मागच्या बाकावरून तेच विचारते,
बसूनच, गुडघे धरतात म्हणून,
मी लिहिते: तक्रार केली.
कुणी शिकवलं नाही मला हे.
आधीच्या कारकुनाच्या वह्या चाळल्या,
हात आपोआप वळत गेला.

मागच्या सभेत, फेरीबोटीचा भोंगा विरल्यावर,
प्रणोती कुंडईकर उठली. प्रभाग पाच.
हातात शाळकरी वही.
म्हणाली, मानशीची खालची फळी कुजली आहे.
बांधात खेकड्यांची बिळं मोजली, त्रेचाळीस.
खाजनात खारं पाणी शिरतंय,
चवथीला नव्याची कणसं कुठून आणणार?

रोहिदासबाब शेजाऱ्याच्या कानात म्हणाले,
अख्ख्या चोडणाला ऐकू जाईल इतक्या हळू:
"तें कितें उलयता, पळय."

तें.
आमच्या बोलीत लहान वयाची बाई नपुंसकलिंगी.
घर तें, तळें तें, माजर तें,
आणि बांधावर चिखलात गुडघाभर उभी राहून
बिळं मोजणारी प्रणोती, तेंही तें.
माझी आई मला तेंच म्हणायची,
त्या तेंला पेजेची ऊब होती.
इथं तोच शब्द खुर्चीवरून खाली आला.

सरपंच म्हणाले, "घरा रांदप जालें मगो?"
सभा हसली.
मीसुद्धा. थोडंसंच,
ओठाच्या एका कोपऱ्यात, नोकरीपुरतं.

मग रोहिदासबाब उठले, घसा खाकरला,
आणि म्हणाले, मानशीची फळी बघायला हवी.
टाळ्या.
बिळं किती, ते त्यांना सांगता आलं नसतं.
कुणी विचारलंही नाही.

रात्री पक्की प्रत लिहायला बसले.
मराठी सभ्य भाषा.
तिच्यात तें घातलं की त्या होऊन बाहेर पडतं,
इस्त्री केल्यासारखं.
श्रीमती कुंडईकर यांनी निदर्शनास आणून दिले.
शंभर वर्षांनी कुणी हे दप्तर उघडलं तर म्हणेल,
काय आदरानं वागवायचे हो बायकांना!

पेन थांबलं.
तें लिहायचा धीर झाला नाही, खोटं कशाला सांगू.
रांदपही गाळलं.
पण ओळ संपताना, कंसात,
एवढंच लिहिलं: (हशा).

आज त्या इतिवृत्ताला मंजुरी घ्यायची होती.
रोहिदासबाबांनी चष्मा चढवला.
हा शब्द काय करतोय इथं?
इतिवृत्तात हसू येत नाही.
"आलं होतं," प्रणोती म्हणाली.
पंचवीस मिनिटं चर्चा.
गावाची अब्रू, सभेची शिस्त,
हल्ली विनोद म्हणून करायची सोय राहिली नाही,
आमच्या घरीही लेकी आहेत.
लेकी घरीच होत्या.

मग ठराव. सूचक, अनुमोदक.
एर्मेलिंदाचा हात वर गेला नाही,
सरपंच म्हणाले, सर्वानुमते.
मी लिहिलं, बहुमताने.
शब्दशः असं:
मागील सभेच्या इतिवृत्तातील 'हशा' हा शब्द
वगळण्याचा ठराव बहुमताने संमत झाला.

आता तो दप्तरात दोन ठिकाणी आहे.

मानशीचा विषय वेळेअभावी पुढं गेला.
माणसं उठली, खुर्च्या सरकल्या,
कुणीतरी पंखा बंद केला.
प्रणोती माझ्या टेबलापाशी आली,
वहीत बोट ठेवून म्हणाली, "सत्तावन्न."
पुन्हा म्हणाली,
लिहून घ्यायला सोपं जावं
इतकं सावकाश.